मेळ्यात गोठलेलं माक्याचं तेल : ग्वाल्हेरच्या एका घरगुती उद्योगाचं प्रकरण

ही हकीकत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी कुटुंबाची आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मी त्यांचा शेजारी. बरीच वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. या प्रकरणात सल्ला देणारा मीच होतो आणि सर्वांत महागात पडलेली चूकही माझीच होती. तेव्हा तीही लिहिली आहे.

पार्श्वभूमी

काकूंचं वय सत्तरीच्या घरात. माक्याचं तेल त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. ताजा माका वाटून त्याचा रस, आवळा, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि थोडी मेथी खोबरेल तेलात घालून मंद आचेवर तासन्‌तास आटवायचं. रसातलं पाणी आहे तोवर तेल चुरचुरत राहतं. चुरचुर थांबली की काकू कापसाची वात त्यात बुडवून पेटवतात. तडतडली तर अजून पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. वैद्य मंडळीही तैलपाक असाच पारखतात.

बारा-तेरा वर्षं हे तेल ओळखीतच जात होतं. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, कुणाच्या मुलीच्या बाळंतपणात. भरायचं लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत. थंडीत बरणीत घट्ट झालं की लोक चमच्याने काढून घेत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मुलाने दोन वर्षांपूर्वी हे ‘नीट’ करायचं ठरवलं. परवाना, छापील लेबल, निमुळत्या तोंडाच्या २०० मिलीच्या पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या, वर बारीक भोकाचं झाकण. ६०० बाटल्या एकदम घेतल्या, कारण एकदम जास्त घेतल्या तर दर उतरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तेल पाण्यासारखं पातळ होतं, तेव्हा बाटल्या भरल्या. बेत होता ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याचा. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा ऐन थंडीत भरतो आणि आमच्याकडच्या छोट्या धंदेवाल्यांची वर्षभराची विक्री त्यात होऊन जाते.

थंडी हाच शब्द पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सात अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं.

अडचण

मेळ्याच्या पहिल्या चार दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या आणि त्या एका जातीच्या नव्हत्या.

पहिली सरळ होती : बाटली उलटी करून कितीही दाबली तरी तेल येत नाही. दुसरी आरोपाची. “अम्माजी, इसमें मोम मिलाया है क्या?” तिसरी मापाची. बाटलीत तेलाची पातळी खाली गेली होती आणि मधोमध खड्डा पडला होता, त्यामुळे २०० मिली म्हणून दीडशेच भरलं असा संशय. चौथी रव्याची. तेल गुळगुळीत न गोठता दाणेदार झालं होतं आणि एका बाईंना ती बुरशी वाटली. (तूप रवाळ झालं तर आपण वाखाणतो, खोबरेल रवाळ झालं तर खराब. असो.) पाचवी तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांनी बाटली उकळत्या पाण्यात उभी केली होती. पीईटी सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास नरम पडतं. बाटली कंबरेत वाकली होती.

मुलाने त्याच संध्याकाळी उपाय काढला. दुकानात बादलीभर कोमट पाणी, त्यात बाटल्या. गिऱ्हाईक आलं की पातळ, सोनेरी-हिरवं तेल हातात. विक्री झटकन वाढली. तीन दिवसांनी तीच गिऱ्हाइकं परत आली, जास्त चिडून : दुकानात पातळ होतं, घरी नेल्यावर गोठलं, म्हणजे दाखवायचं वेगळं आणि द्यायचं वेगळं.

माझ्या मते पहिलं निर्णायक वळण हेच. बादलीने तेलाचा स्वभाव बदलला नाही, गिऱ्हाइकाला तो दिसण्याची जागा फक्त दुकानातून घरी गेली. शिवाय वितळलेली बाटली पिशवीत सावकाश थंड होत गेली की स्फटिक मोजके आणि मोठे बनतात, म्हणजे तेल आणखी रवाळ.

निदान

काकू माझ्याकडे आल्या त्या दोन बाटल्या आणि एक प्रश्न घेऊन : “अरे, माझं तेल बिघडलंय का, एवढंच सांग.”

आधी हे ठरवायचं होतं की आत पांढरं दिसतं ते काय. तीन शक्यता होत्या. एक, राहून गेलेलं पाणी. दोन, कच्च्या मालातच मेणाची भेसळ. तीन, तेलाचं स्वतःचंच गोठणं. बाटली तीस अंशांच्या पाण्यात ठेवली. पाण्याचे कण असते तर ते तेलात विरघळले नसते आणि गढूळपणा राहिला असता. तेल आरपार स्वच्छ झालं. मेणासाठी आणखी सोपं केलं. गोठलेल्या तेलाचा खडा काकूंच्या तळहातावर ठेवला, दहा-पंधरा सेकंदांत तो वितळला. पॅराफिन मेण शेहेचाळीस अंशांच्या खाली सहसा वितळत नाही, तळहाताच्या उबेने तर नाहीच. मापासाठी बाटली तराजूवर ठेवली. रिकाम्या बाटलीचं वजन वजा जाता तेल १८३ ग्रॅम. खोबरेलाची घनता ०.९२ च्या जवळपास, म्हणजे २०० मिली पुरेपूर.

मग खड्डा कसला? काकूंना आठवण झाली ती फ्रीजरमध्ये पाण्याची काचेची बाटली फुटल्याची. “पाणी गोठलं की फुगतं आणि तेल आकसतं, असं का?” प्रश्न नेमका होता. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि बर्फ होताना ठरावीक कोनांतच उभे राहतात, त्यामुळे मधे पोकळ जागा राहते. बर्फ पाण्यापेक्षा साधारण नऊ टक्के जास्त जागा घेतो आणि म्हणून तरंगतो. तेलाच्या रेणूंना अशी कोनांची अट नाही. गोठताना ते फक्त जवळ सरकतात. बाटलीच्या कडा आधी गार होतात, मधलं तेल कडेला ओढलं जातं आणि शेवटी मधे खड्डा उरतो.

तेल का गोठतं

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे पर्याय याच्यावर तोलले गेले.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. या साखळ्यांवर पाण्यासारखे ठळक धन-ऋण भाग नाहीत. तरीही त्या एकमेकींना ओढतात. इलेक्ट्रॉन सतत हलत असल्याने क्षणभर एका बाजूला ऋण भार जास्त होतो, शेजारच्या रेणूत त्याचं उलट प्रतिबिंब उमटतं आणि दोघांत पुसटशी ओढ तयार होते. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० च्या सुमारास हे गणितात मांडलं म्हणून याला लंडन बल म्हणतात. एका जागची ओढ नगण्य असते, पण साखळी लांब असेल आणि शेजारणीला अंगभर चिकटून बसली असेल तर बेरीज मोठी होते. आणि ही ओढ अंतर वाढताच झपाट्याने मरते, त्यामुळे चिकटून बसता येतं की नाही यालाच सगळा भाव.

खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त, म्हणजे साखळीत कुठेही दुहेरी बंध नाही, साखळी सरळ. त्यातलं निम्म्याच्या जवळपास बारा कार्बनांचं लॉरिक आम्ल. सुटं लॉरिक आम्ल ४४ अंशांना वितळतं, अठरा कार्बनांचं स्टिअरिक आम्ल सत्तरच्या जवळ. साखळी लांबली, ओढ वाढली, द्रवणांक चढला.

आता स्टिअरिकच्या मधोमध एक दुहेरी बंध घाला, असा की साखळी तिथे कोपरात मुडपेल. हे झालं ओलेइक आम्ल, तेरा-चौदा अंशांनाच वितळणारं. लांबी तीच, वजन जवळपास तेच, पण मुडपलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. याच्यापुढचं उदाहरण वर्गात मी हमखास देत असे. तोच दुहेरी बंध, तेच रासायनिक सूत्र, फक्त मुडप सरळ करून टाकली की ते इलेइडिक आम्ल होतं आणि वितळायला ४४-४५ अंश लागतात. अणू एकही इकडचा तिकडे कमी-जास्त नाही, आकार तेवढा बदलला आणि तीस अंशांचा फरक पडला.

काकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पोळ्या एकावर एक बसतात, टम्म पुऱ्यांची चळत राहत नाही.” तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मुलाची शंका मात्र खरी अडवणारी होती. “दादा, इथं सगळे मोहरीचं तेल लावतात. मोरेना-भिंडकडची मोहरी. ते कधीच गोठत नाही. त्यात तर साखळ्या लांब असतात ना?” असतात. मोहरीतल्या एरुसिक आम्लात बावीस कार्बन. पण त्यातही मुडप आहे, आणि शिवाय त्या तेलात निरनिराळ्या लांबीच्या, एक-दोन-तीन मुडपींच्या साखळ्यांची सरमिसळ आहे. एकसारखी माणसं पटकन रांगेत उभी राहतात, जत्रेतली गर्दी राहत नाही. सुट्या आम्लाचा द्रवणांक पाहून अख्ख्या तेलाबद्दल बोलता येत नाही, हे मी त्याला सांगितलं; स्वतः मात्र पुढच्याच आठवड्यात विसरलो.

तोललेले पर्याय

मोहरीचं तेल वापरणं हा पर्याय काकूंनी अर्ध्या वाक्यात निकालात काढला. वासामुळे.

लिक्विड पॅराफिन एका व्यापाऱ्याने सुचवलं होतं : स्वस्त, बिनवासाचं, थंडीत पातळ. ते मेणाच्याच खानदानातलं, पण त्यातले रेणू फांद्यांचे आणि कड्यांचे, म्हणून रचून बसत नाहीत. अडचण दोन प्रकारची. काकूंच्या लेबलवर ‘पारंपरिक’ हा शब्द आहे, हे एक. आणि त्यात खोबरेल भरपूर ठेवलं तर खोबरेल गोठायचं ते गोठणारच.

एरंडेल ही काकूंची स्वतःची कल्पना. एरंडेल शून्याखालीही गोठत नाही, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण गोठत नाही आणि वाहतं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लाच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो आणि तो शेजारच्या साखळीशी हायड्रोजन बंध जोडतो. या बंधांमुळे रेणू एकमेकांवरून घसरायला राजी नसतात. पुस्तकात याला विष्यंदिता म्हणतात, आमच्या इथल्या हिंदी माध्यमाच्या मुलांना ती श्यानता म्हणून माहीत. वीस अंशांना एरंडेल पाण्याच्या जवळजवळ हजारपट दाट, तिळाचं वगैरे तेल साठ-ऐंशी पट. गार हवेत एरंडेल आणखी दाटतं. बारीक भोकाच्या झाकणातून ते काढणं म्हणजे शिक्षाच. काकूंनी वाटीत करून पाहिलं आणि स्वतःच नको म्हटलं.

खोबरेलातून फक्त आठ आणि दहा कार्बनांच्या आखूड साखळ्या वेगळ्या काढलेलं तेलही बाजारात मिळतं. ते थंडीत पातळ राहतं, कारण आखूड साखळ्यांची ओढ कमी. महाग पडत होतं, आणि त्याला नारळाचा वास नाही.

उरले दोन : तिळाचं तेल मिसळणं, किंवा तेल तसंच ठेवून रुंद तोंडाच्या बरण्या आणणं. बरण्या म्हणजे ६०० बाटल्यांवर पाणी. मुलाचा चेहरा पाहून मी तिळाच्या बाजूला झुकलो. हे रसायनशास्त्र नव्हतं, भीड होती.

काय केलं, आणि काय फसलं

तिळाच्या तेलात चाळीस टक्क्यांच्या आसपास ओलेइक, जवळपास तेवढंच दोन मुडपींचं लिनोलेइक. मी निम्मं खोबरेल आणि निम्मं तीळ मिसळलं, रात्रभर माझ्या खोलीत ठेवलं. सकाळी स्वच्छ पातळ. मी होकार दिला. बाटल्या गरम पाण्यात ठेवून तेल काढलं, मिसळलं, ४८ बाटल्या भरून मेळ्यात पाठवल्या.

खोलीतला थर्मामीटर तेव्हा १९ अंश दाखवत होता. तो मी पाहिलाही होता.

मेळ्यात त्या रात्री पारा आठावर आला. सकाळी बाटल्यांत खाली पांढरा गाळ, वर पिवळं तेल. नुसतं खोबरेल निदान एकजीव गोठलेलं दिसत होतं. हे फाटलेल्या दुधासारखं. त्यातून घात असा की खोबरेलाची शुद्धता तपासायला लोक ते फ्रीजमध्ये ठेवतात, हा घरगुती नुस्खा सगळ्यांना ठाऊक आहे. सगळं गोठलं तर शुद्ध, वर पातळ थर राहिला तर मिलावट. म्हणजे माझ्या सल्ल्याने बाटली बरोब्बर मिलावटीसारखी दिसू लागली. काकू मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “तुझी खोली गरम असते,” एवढंच म्हणाल्या.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. घरच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात चार-पाच अंश असतात, म्हणजे ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट आयती. पाच काचेच्या बाटल्या, खोबरेलाचं प्रमाण १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के, बाकी तीळ. दोन रात्री ठेवल्या. पहिल्या दोन दगड. निम्म्याची, लोण्यासारखी. २५ टक्क्यांची गढूळ, तळाशी गाळ, हलवली तर वाहणारी. १० टक्क्यांची किंचित धूसर, पण भोकातून सहज थेंब पडणारी. मिश्रणात एखादं तेल थोडं असलं की त्याच्या रेणूंना आपल्यासारखे शेजारी भेटणं कठीण होतं, म्हणून ते कमी तापमानापर्यंत विरघळलेलं राहतं. पण हे ‘थोडं’ दहा टक्के निघेल असं मला वाटलं नव्हतं, मी तीस धरून चाललो होतो.

आता प्रश्न तेलाचा उरला नाही, नावाचा झाला. नव्वद टक्के तीळ असलेल्या बाटलीवर खोबरेलाचं लेबल लावणं काकूंना मंजूर नव्हतं आणि मुलाने जेमतेम दोन मिनिटं वाद घातला. तिळाच्याच तेलात माका नव्याने सिद्ध केला, दहा टक्के खोबरेल वासापुरतं, दोन्ही घटक लेबलवर समोर. संक्रांत तोंडावर होती. तिळाचं तेल विकायला याहून चांगला आठवडा मिळाला नसता.

शिल्लक खोबरेल रुंद तोंडाच्या बरण्यांत गेलं. भरताना तीस अंशांवर भरून बरण्या लगेच गार पाण्याच्या परातीत फिरवत ठेवल्या. झटपट गार झालं की स्फटिक असंख्य आणि बारीक होतात, पोत लोण्यासारखा गुळगुळीत येतो. खड्डाही नावापुरताच राहिला.

आणि सूनबाईंनी एक गोष्ट आपल्या डोक्याने केली. बरणी उघडी ठेवून, येईल त्याच्या तळहातावर चमच्याच्या टोकाने तेलाचा खडा ठेवायच्या आणि काही न बोलता थांबायच्या. खडा विरघळला की माणूस हसायचाच. मेणाची शंका त्यानंतर मेळा संपेपर्यंत कुणी काढली नाही.

निष्पत्ती

परत आलेल्या बाटल्या सगळ्या बदलून दिल्या. निम्म्या-निम्म्याच्या ४८ बाटल्यांचं तेल घरात आणि शेजारी संपलं, माझ्याकडे अजून एक आहे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत ती उत्तम चालते. पीईटी बाटल्यांपैकी साधारण दोनशे घरी परतल्या आणि उन्हाळ्यात खपल्या. पुढच्या मेळ्याला तिळाचं तेल बाटलीत आणि खोबरेल बरणीत असे दोन माल घेऊन गेले. बरणीची विक्री जास्त झाली, हे आम्हा कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

पुन्हा केलं तर

माल जिथे वापरला जाणार त्या तापमानाला तो कसा वागतो, हे भरण्याआधी एका रात्रीत कळलं असतं. फ्रीज घरात होता. ६०० ऐवजी ६० बाटल्या घेतल्या असत्या तर दर जास्त पडला असता, पण बरण्यांचा पर्याय मोकळ्या मनाने तोलता आला असता. खरेदी झाल्यावर आम्ही सगळे बाटली वाचवायच्या मागे लागलो आणि तेल बदलत बसलो.

बादलीबद्दल मुलगा अजून म्हणतो की तिच्यामुळे पहिल्या आठवड्यात निदान गल्ला आला. मला ते पटत नाही; परत आलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी पुन्हा काही घेतलं, याची नोंद कुणी ठेवलीच नाही.

तिळाचं तेल काढायला हवं होतं का, यावर घरात दोन मतं आहेत. काकूंच्या मते बरणी आणि तळहातावरचा खडा एवढ्यावर भागलं असतं. लोकांना वाहणारं तेल नको होतं, संशय फेडायला हवा होता. मुलाच्या मते तरुण गिऱ्हाईक चमच्याने तेल काढत बसणार नाही. मी या खेपेला मत दिलं नाही.

लेबलचा शेवटचा मजकूर काकूंनी सांगितला. मुलाला त्यात ‘२४ अंश सेल्सिअस’ हवं होतं. आता बरणीवर छापलंय : ‘थंडीत घट्ट होतं, उन्हात पातळ. तळहातावर घेऊन पाहा. कढत पाण्यात ठेवू नये.’ खाली हेच हिंदीत, जरा मोठ्या अक्षरांत.